पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणून कॅन्सर नाही?

घरातल्या कुणाच्या छातीत किंवा पोटात पाणी झालं की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्यात चार गोष्टी ठोकून सांगितलेल्या असतात: पाण्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की कॅन्सरची भीती संपली, पाणी लाल असेल तर कॅन्सर, पिवळं असेल तर टीबी, बाईच्या पोटात पाणी आणि सीए-१२५ (रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन) वाढलेलं म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, आणि सुईने पाणी काढलं की कॅन्सर पसरतो. चारही चूक आहेत. पहिलीमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

सायटॉलॉजीसाठी, म्हणजे पेशींच्या तपासणीसाठी, आलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि तळाला बसलेल्या पेशींच्या स्लाइड बनवतात. काही स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप स्टेन करतात, काही हवेत सुकवून गिम्सा; या पेशी रंगवायच्या दोन पद्धती. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दिसतात त्या फक्त पाण्यात गळून पडलेल्या पेशी. गाठ फुफ्फुसाच्या आवरणाला घट्ट चिकटून असेल आणि तिने पेशी सोडल्याच नसतील, तर स्लाइडवर काय दिसणार? कॅन्सरमुळेच छातीत पाणी झालेल्या रुग्णांतही सायटॉलॉजीत निदान होतं ते सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून होणारा कॅन्सर) पेशी भरपूर सोडतो, तिथे यश जास्त. मेसोथेलिओमात, म्हणजे आवरणाच्याच कॅन्सरमध्ये, बरंच कमी. दुसऱ्यांदा पाणी तपासलं तर आणखी काही निदानं पदरात पडतात, तिसऱ्यांदा फारसा फायदा होत नाही. तरीही संशय उरला तर थोरॅकोस्कोपी करून (छातीत दुर्बीण घालून) आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो.

नमुना किती पाठवला यालाही महत्त्व आहे. अशा पाण्याच्या सायटॉलॉजी रिपोर्टिंगची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यानुसार किमान ५० ते ७५ मिली पाणी हवं. लिटरभर पाणी काढून ओतून द्यायचं आणि लॅबला सिरिंजभर पाठवायचं, हे पाहिलं की राग येतो. त्याच पद्धतीत निकालाचे पाच गट आहेत: अपुरा नमुना, निगेटिव्ह, अनिश्चित बदल, संशयास्पद आणि कॅन्सर. ‘अपुरा’ म्हणजे ‘निगेटिव्ह’ नव्हे, आणि घरचे नेमके इथेच फसतात.

दुसरीकडे, नुसत्या दिसण्यावरून कॅन्सर म्हणणंही धोक्याचं. छाती-पोटाच्या आवरणाच्या मेसोथेलियल पेशी टीबीत किंवा लिव्हर सिरॉसिसमध्ये इतक्या बदलतात की कॅन्सरच्या पेशी वाटाव्यात. म्हणून तळाचा गाळ फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करून, मेणात बसवून सेल ब्लॉक करतात आणि त्याच्या पातळ कापांवर मार्कर (पेशी कुठल्या प्रकारची ते ओळखणारी रसायनं) लावतात. कॅलरेटिनिन मेसोथेलियल पेशींकडे बोट दाखवतं, क्लॉडिन-४ कार्सिनोमाकडे, म्हणजे फुफ्फुस, अंडाशय अशा अवयवांतून आलेल्या कॅन्सरकडे. टीटीएफ-१ फुफ्फुस सुचवतं, पॅक्स-८ अंडाशय. फुफ्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला तर ईजीएफआर या जनुकाची तपासणीही याच ब्लॉकवर होऊ शकते, आणि कोणती गोळी चालेल ते त्यावरून ठरतं. लिम्फोमाची (लिम्फ पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर मात्र फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्राने एकेक पेशी तपासण्यासाठी, ताजं पाणी लागतं. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला की ती वाट बंद.

रंगाचं थोडक्यात: कॅन्सरचं पाणी पिवळं असू शकतं आणि टीबीचं लालसर. आपल्याकडे एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम) ही तपासणी सर्रास करतात. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए ४० च्या वर असेल तर टीबीची शक्यता वाढते, पण लिम्फोमात आणि छातीत पू झाल्यावरही तो आकडा चढतो.

सीए-१२५ चा मुद्दा बायकांच्या जिवाशी खेळणारा आहे. पोटाच्या आवरणाला कशानेही त्रास झाला की हे प्रथिन वाढतं: पोटाचा टीबी, सिरॉसिस, हार्ट फेल्युअर, एंडोमेट्रिओसिस. नेहमीची मर्यादा ३५ आहे. पोटाच्या टीबीत आकडा काही शेकड्यांत जातो आणि टीबीची औषधं लागू पडली की उतरतो. केवळ या आकड्यावर एखाद्या बाईला कॅन्सरची रुग्ण ठरवणं हा अन्याय आहे. पाण्याची सायटॉलॉजी आणि गरज पडल्यास लॅप्रोस्कोपीने (पोटात दुर्बीण घालून) घेतलेला तुकडा, निदान त्यावर व्हायला हवं.

राहिली सुई. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी छातीतल्या पाण्यात सापडतात तेव्हा आजार आधीच चौथ्या टप्प्यात गेलेला असतो. सुईने तो तिथे नेलेला नसतो. पाणी काढल्याने रुग्णाला श्वास घेता येतो आणि निदानही होतं. भीतीला खरा आधार आहे तो दोन ठिकाणी. मेसोथेलिओमात सुईच्या मार्गावर गाठ येऊ शकते, आणि अंडाशयापुरतीच असलेली कॅन्सरसारखी गाठ डॉक्टर सुईने फोडत नाहीत, अख्खी काढतात. पोटात साठलेलं पाणी तपासायला काढणं ही वेगळी गोष्ट आहे, ते टाळू नका.