‘बसा’ म्हणेपर्यंत

आमच्या सासऱ्यांचे एक तत्त्व आहे. परक्या घरात गेल्यावर यजमानाने ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचे नाही. या तत्त्वाचा मला सांगलीत बावीस वर्षे कधीही त्रास झाला नव्हता, कारण सांगलीत यजमान जिवंत असतात. इटलीतल्या लुक्का या गावी मात्र आम्ही ज्यांच्या घरी गेलो, ते यजमान २९ नोव्हेंबर १९२४ रोजी ब्रसेल्स येथे वारलेले होते, आणि त्यामुळे ‘बसा’ कोण म्हणणार, हा प्रश्न दारातच उभा राहिला. आम्हीही त्याच्या शेजारी उभे राहिलो.

जावयाचा मान मोठा असतो असे ज्यांना वाटते, त्यांना तो मान दिवाळसणापुरता असतो हे ठाऊक नसावे. शहात्तर वर्षांचे आप्पा गुडघ्याला पट्टा बांधून उभे आहेत आणि जावई बूड टेकून बसला आहे, हे दृश्य सौभाग्यवतीने पाहिले असते तर परतीचा प्रवास मला निराळ्या डब्यातून करावा लागला असता. सारांश, यजमान ‘बसा’ म्हणेपर्यंत आप्पा बसणार नव्हते आणि आप्पा बसेपर्यंत मी बसणार नव्हतो.

हे यजमान म्हणजे जाकोमो पुच्चीनी, ‘ला बोएम’, ‘तोस्का’ आणि ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरांचे कर्ते. टाळेबंदीच्या काळात शेजारपाजारच्या बायका केक शिकत होत्या, तेव्हा सौभाग्यवतीने पाश्चात्त्य संगीताच्या रसग्रहणाचा वर्ग लावला आणि तेव्हापासून आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्यांना सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच पट्टीच्या, आवाजाची साथ मिळू लागली. फ्लॉरेन्सपर्यंत येऊन पुच्चीनीचे जन्मघर पाहिले नाही तर तो पंढरपूरला जाऊन नामदेवाची पायरी न पाहण्यासारखा प्रकार होईल, असे तिने आदल्या रात्री जाहीर केले. आप्पांनी एवढेच विचारले, “संगीत नाटकवाला का? मग जायला हवे.” माझे मत कोणी विचारले नाही, आणि ते विचारले जाईल अशी माझीही अपेक्षा नव्हती.

आगगाडीने सुमारे दीड तासात आम्ही लुक्काला पोहोचलो. या गावाभोवतीचा तट अजून शाबूत आहे. त्याची लांबी चार किलोमीटरांहून थोडी अधिक असून, वर झाडे लावलेला इतका रुंद रस्ता आहे की गावकरी त्यावरून सायकली फिरवतात. तटावर सावलीतले एक रिकामे बाक पाहून मी आशेने आप्पांकडे पाहिले. बाक सार्वजनिक असल्यामुळे तेथे तत्त्वाची अडचण नव्हती. “आधी दर्शन, मग बसणे,” असे म्हणून आप्पा काठी टेकत दगडी फरशीच्या गल्लीत शिरले आणि ते बाक एका वृद्ध इटालियन जोडप्याने घेतले. त्या जोडप्याचा मी दिवसभर हेवा केला.

जन्मघरालगतच्या चौकात, पियात्सा चित्तादेल्लात, पुच्चीनीचा ब्राँझचा पुतळा आहे. आपल्याकडे पुतळा म्हटला की तो उभा तरी असतो किंवा घोड्यावर तरी असतो. हे गृहस्थ मात्र ऐसपैस खुर्चीत पायावर पाय टाकून, हातात सिगारेट धरून, जेवण आटोपून बसल्यासारखे बसलेले आहेत. चौकात तेवढ्या वेळी सर्वांत आरामात तेच होते. आप्पांनी पुतळ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि मग नापसंतीने म्हणाले, “दारात पाहुणे आलेत आणि हे उठायलाही तयार नाहीत.” ते ब्राँझचे आहेत याकडे मी लक्ष वेधले. “मग निदान ‘बसा’ तरी म्हणावे,” असे उत्तर मिळाले.

संग्रहालयाची तिकिटे या चौकात मिळतात आणि घराचे दार शेजारच्या छोट्या अंगणात आहे. ही माहिती सौभाग्यवतीने गाडीत मला वाचून दाखवली होती आणि मी ती नवऱ्याच्या कानांनी ऐकली होती. म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने सर्वांना थेट दाराशी नेले, तेथून तिकिटांसाठी एकटाच परत आलो आणि पुतळ्याकडे न पाहता पुन्हा दाराशी गेलो. जिना चढून आम्ही वर पोहोचलो तेव्हा खोल्यांतून मांडलेल्या खुर्च्या मला दिसल्या. त्या अर्थातच पाहण्याच्या होत्या. दमलेल्या माणसाला पाहण्यासाठी खुर्ची ठेवणे म्हणजे एकादशीला हलवायाच्या दुकानासमोर उभे करण्यासारखे आहे. पण जगातली सगळीच संग्रहालये त्या बाबतीत सारखी असतात, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

आप्पा जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागातून निवृत्त झाले आहेत, ही गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुच्चीनी घराण्याचा इतिहास ऐकताना त्यांच्यातला तो जुना अधिकारी जागा झाला. २२ डिसेंबर १८५८ रोजी जन्मलेल्या या मुलाचे पूर्ण नाव होते जाकोमो आन्तोनियो दोमेनिको मिकेले सेकोन्दो मारिया पुच्चीनी. त्यातली पहिली चार नावे म्हणजे क्रमाने खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा आणि वडील. म्हणजे आपण श्राद्धाला पितरांची नावे घेतो, ती यांनी बारशालाच उरकून घेतली होती. या चारही पिढ्या गावच्या सान मार्तीनो कॅथीड्रलमध्ये संगीताच्या चाकरीत होत्या आणि ते काम १७४० पासून सुमारे सव्वाशे वर्षे घरातच राहिले होते. १८६४ साली वडील वारले तेव्हा धाकटा जाकोमो अवघा पाच वर्षांचा होता. मग गावाने असे ठरवले की मुलगा काम करण्याजोगा होईपर्यंत त्याचे मामा फोर्तुनातो माजी यांनी ही जागा सांभाळावी आणि पुढे ती त्याच्या हवाली करावी.

“अनुकंपा!” आप्पांचा आवाज त्या खोलीला न शोभेल इतका मोठा झाला. “पद राखीव ठेवून प्रभारी नेमला. वारस अज्ञान. बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.” मग त्यांनी मला अनुकंपा नियुक्तीच्या फाइलीला कोणकोणती कागदपत्रे लागतात ते सांगितले, आणि ती सर्व त्यांना अजून पाठ आहेत. मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत ऐकत होतो. वारस दाखल्यापर्यंत आलो तेव्हा माझी डावी टाच बोलू लागली होती.

हा वारस काही फार आज्ञाधारक नव्हता. चुकीचा सूर लागला की मामा त्याच्या नडगीवर लाथ मारीत आणि त्यामुळे जन्मभर बेसूर कानावर पडताच त्याचा पाय आपोआप उडे, असे सांगतात. ऑर्गनच्या नळ्या हळूच काढून विकायच्या, त्या पैशांची सिगारेट ओढायची आणि गेलेल्या नळ्यांचे सूर लागू नयेत म्हणून वाजवताना स्वररचनाच बदलून घ्यायची, ही कथाही त्याच्याविषयी प्रचलित आहे. आप्पांनी या प्रकाराला ‘शासकीय मालमत्तेचा अपहार’ असे नाव दिले, परंतु चेहऱ्यावर कौतुक होते. कारण उरलेल्या सुरांत निभावून नेणे हे पेटीवाल्याचे काम त्यांना पक्के ठाऊक आहे. १८७६ साली व्हर्दी या इटालियन संगीतकाराची ‘आईदा’ ही ऑपेरा ऐकण्यासाठी हा मुलगा मित्रांबरोबर लुक्काहून पिसापर्यंत चालत गेला होता, असे सौभाग्यवतीने सांगितले आणि मग माझ्याकडे पाहून, “वीस एक किलोमीटर,” असे जोडले. तो सतरा वर्षांचा होता आणि त्याच्याबरोबर सासरे नव्हते, हे मी मनातच ठेवले.

त्या ऑपेराने पोरगा बिघडला. गावाने जपून ठेवलेली जागा सोडून तो १८८० साली मिलानच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. हे साल ऐकताच आप्पा थबकले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले होते. “म्हणजे एकाच वर्षी,” असे ते दोनदा म्हणाले आणि पुच्चीनीकडे समव्यवसायी म्हणून पाहू लागले.

जन्मघर या प्रकाराबद्दल माझी एक शंका आहे. माणूस ज्या घरात जन्मतो ते घर त्याने पुढे बहुधा सोडलेले असते, म्हणूनच तो मोठा होतो. आणि तो मोठा झाला म्हणून मग त्याने इतरत्र मिळवलेल्या वस्तू आणून त्याच घरात मांडतात. पुच्चीनीच्या कुटुंबाचे तर पितृछत्र गेल्यावर हालच झाले. १८८९ साली हे घर बहिणीच्या नवऱ्याला विकावे लागले, मात्र पुढे परत घेण्याची वाट मोकळी ठेवून; आणि ‘मानों लेस्को’ ही त्याची ऑपेरा गाजल्यानंतर, १८९४ साली, त्याने ते खरोखर परत विकत घेतले. राहायला मात्र आला नाही. तो तळ्याकाठी तोर्रे देल लागोला राहिला, बदकांची शिकार केली आणि मोटारी उडवल्या. वडिलोपार्जित घर सोडवून घ्यायचे पण तेथे राहायचे नाही, ही गोष्ट कोकणात घर असलेल्या कोणत्याही मुंबईकराला समजावून सांगावी लागणार नाही.

मोटारी उडवल्या असे मी लिहिले ते अक्षरशः घ्यावे. फेब्रुवारी १९०३ मध्ये लुक्काजवळ रात्री त्याची गाडी रस्त्यावरून खाली गेली, नडगीचे हाड मोडले आणि पुढे कित्येक महिने त्याला बसून काढावे लागले. हाड जुळेना, तेव्हा तपासणीत मधुमेह निघाला. आप्पांना मधुमेह आहे, आणि पाय तर आहेच. त्यांनी पुच्चीनीच्या छायाचित्राकडे असे पाहिले, जसे दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे पाहतात. “महिने बसून?” त्यांनी विचारले. “बसून,” मी शक्य तितक्या हेव्याने उत्तर दिले.

त्या बैठकीतून ‘मादामा बटरफ्लाय’ पुरी झाली आणि १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या स्काला नाट्यगृहात साफ पडली. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, प्राण्यांचे आवाज काढले, आणि पुच्चीनीने एका रात्रीत खेळ मागे घेतला. दोष सापडायला वेळ लागला नाही, कारण दुसरा अंक संपता संपत नव्हता. त्याने अंकाचे तुकडे केले, काटछाट केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रेशियात तीच बटरफ्लाय वन्स मोअर घेत उभी राहिली. येथे आप्पांनी लांबलेल्या दुसऱ्या अंकावर आपले मत दिले, ते मी दुसऱ्या अंकाइतक्याच वेळ ऐकले. आम्ही आत शिरून पाऊण तास झाला होता. मी भिंतीला टेकण्याचा प्रयत्न केला, सौभाग्यवतीने नुसते पाहिले, आणि मी भिंत सोडली.

‘तुरांदोत’ची खोली आली तेव्हा माझे पाय कोणत्याही राजकन्येचे कोडे सोडवण्याच्या स्थितीत नव्हते. या ऑपेरातली राजकन्या लग्नेच्छूंना तीन कोडी घालते आणि चुकणाऱ्यांची डोकी उडवते. १९२६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये मारिया येरित्झा या गायिकेने घातलेला तुरांदोतचा भरजरी पोशाख या घरात आहे. तो पाहून सौभाग्यवती बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या लग्नात शालू पसंत करतानाही ती इतका वेळ गप्प नव्हती. पुच्चीनीने ज्यावर ‘तुरांदोत’ रचली तो स्टाइनवे पियानोही येथेच आहे. शेवटचे युगुलगीत त्याच्या हातून उतरेना, घशाचा कर्करोग उतरू देईना, आणि काम अपुरेच राहिले. पुढे फ्रांको आल्फानो या संगीतकाराने ते पुरे केले; परंतु २५ एप्रिल १९२६ रोजी पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानीनी याने पुच्चीनीची लेखणी थांबली तेथेच छडी खाली ठेवली.

“भैरवीविना मैफल,” आप्पा हळू म्हणाले. मग थोड्या वेळाने, “अण्णासाहेबांचे ‘रामराज्यवियोग’ही अपुरेच राहिले.” एवढे बोलून त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यांदाच त्यांचा गुडघा मला दिसेल इतका वाकला.

ते तेथील देखरेखीच्या बाईंनाही दिसले असावे. त्या आपल्या खुर्चीवरून उठल्या, ती पुढे ओढली आणि हाताने दाखवत काहीतरी इटालियनमध्ये म्हणाल्या. सौभाग्यवतीने भाषांतर केले, “आप्पा, त्या ‘बसा’ म्हणताहेत.” आप्पांनी क्षणभर विचार केला. यजमान नसले तरी घरची माणसे आहेत, असा निर्णय त्यांच्या चेहऱ्यावर उमटला, आणि त्यांनी हात जोडून आसन ग्रहण केले. अडचण एवढीच होती की खुर्ची एकच होती.

सौभाग्यवतीने आपल्या फोनची बोंडे त्यांच्या कानांत घातली आणि ‘तुरांदोत’मधले ‘नेस्सुन दोर्मा’ लावले. आज रात्री कोणीही झोपायचे नाही, असा त्याचा अर्थ आहे. बसायचे नाही असा मात्र नाही, हे मी खात्री करून घेतले. आप्पांचा उजवा हात मांडीवर ठेका शोधू लागला. एका आवर्तनात सम सापडली असे वाटले, पण ती निसटली; पुन्हा चाचपली, पुन्हा निसटली. मग त्यांनी हात उघडा करून मांडीवर तसाच राहू दिला आणि डोळे मिटले. शेवटचा तो उंच सूर लागला तेव्हा त्यांची मान हलली ती मात्र कुठल्याही ठेक्याशिवाय आणि नेमकी जागेवर.

कानांत बोंडे असलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. “वन्स मोअर!” आप्पा गरजले. दोन जपानी पाहुण्या दचकून पोशाखापासून मागे सरल्या. देखरेखीच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवले, पण त्या हसत होत्या.

सौभाग्यवतीने गाणे पुन्हा सुरुवातीला नेले. ते सुमारे तीन मिनिटांचे आहे. मी भार डाव्या पायावर घेतला.