एसीत बसून...

‘एक वाचक’ महोदय,

आदिवासींचे हक्क आणि प्रादेशिक (म्हणजे एकेका खंडातल्या देशांनी आपसात केलेले) मानवाधिकार करार या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: अवास तिंग्नी या निकाराग्वातल्या आदिवासी समाजाच्या जमिनीच्या खटल्याचं वर्ष चुकलंय, असले निकाल राबवले जात नाहीत, भारताला त्यांचा उपयोग शून्य, आणि ‘एसीत बसून पाड्यांवर लिहिणं सोपं असतं’.

वर्षाचं मान्य. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचा निकाल २००१ चा, पण निकाराग्वा सरकारने जमिनीचा पट्टा प्रत्यक्ष हातात दिला डिसेंबर २००८ मध्ये. मी दोन्ही एकाच वर्षात उरकलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता एसी. आमच्याकडे पंखा आहे आणि त्याचा रेग्युलेटर गेलाय, पण ते असो. माझे वडील मुंबईतल्या आरेच्या दूध वसाहतीत नोकरीला होते, मी तबेल्यांच्या वासात वाढलेय. शेजारच्या पाड्यावरच्या एका वारली आजींचा वनहक्काचा दावा मी स्वतः लिहिलाय. त्यांचे कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याखाली खोचलेले, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. कचेरीतल्या बाबूने (कुठली कचेरी ते राहू द्या) मान वर न करता विचारलं, ‘पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कुठाय?’ अहो, ती अट इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे बिगर-आदिवासींना आहे! अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा पुरतो आणि वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून चालतो. मी कायद्याची प्रत पुढे सरकवली तर म्हणतो, ‘ते पुस्तकात.’ आजी म्हणाल्या, ‘माझ्या सासऱ्यानं लावलेला आंबा आहे, तो बघायला चला.’ कोणी गेलं नाही.

म्हणून मला अवास तिंग्नी महत्त्वाचं वाटतं. हौस म्हणून नाही. अमेरिकन मानवाधिकार करारातलं २१ वं कलम फक्त मालमत्तेच्या हक्काबद्दल बोलतं, त्यात आदिवासी हा शब्दही नाही. तरी त्या न्यायालयाने त्यातून सामूहिक मालकी काढली आणि सांगितलं की जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा ताबा आहे एवढं पुरे, कागद नसला तर तो करून देणं सरकारचं काम. त्या बाबूसमोर हे वाक्य ठेवायला मिळालं असतं तर!

आणि हे सगळं तुम्ही ‘एसीत’ या एका शब्दात निकालात काढता. मुद्दा मांडायचा तर मांडा की, टोमणा कशाला?

अंमलबजावणीचं म्हणाल तर तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. केनियातल्या ओगिएक या जंगलात राहणाऱ्या समाजाला आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाकडून निकाल मिळाला २०१७ मध्ये आणि भरपाईचा आदेश यायला २०२२ उजाडलं, हे मलाही ठाऊक आहे. आशियात असं न्यायालयच नाही, हे मी लेखात लिहिलंय. तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आजींचा आंबा अजून उभा आहे. बघायचा असेल तर आरे चेकनाक्यावर भेटा. टोपणनाव मात्र घरी ठेवून या.