आमच्या घरात स्वातंत्र्यसैनिक नव्हता

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पणजोबांचा फेट्यातला फोटो फिरायला लागतो. खाली कुणीतरी लिहितंच, "मुक्तिसंग्रामातील थोर सेनानी". स्पष्टच सांगतो, ते सेनानी वगैरे नव्हते. तुळजापूर तालुक्यातले साधे कुणबी. १९४८ साली रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) भीतीनं बायकापोरं गाडीत घातली आणि रातोरात सोलापूर गाठलं. यात लपवण्यासारखं काय आहे?

मला हे सगळं आजीकडून कळलं, म्हणजे त्यांच्या सुनेकडून. तिला सन-तारखा ठाऊक नव्हत्या (आधारकार्डावर १ जानेवारी, अर्ध्या गावाची तीच!). तिचं लग्न 'लेव्ही होती तवा' झालेलं. निजाम सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं धान्य उचलायचं, म्हणून आमची ज्वारी गोठ्यातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात. तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर बैल बांधलेले. पेव उघडलं की आधी कंदील खाली सोडायचा. विझला तर आत उतरायचं नाही. त्या ज्वारीच्या भाकरीला आंबूस वास यायचा, हे सांगताना म्हातारपणीसुद्धा तिचं नाक मुरडायचं.

सोलापुरात १५ ऑगस्ट १९४७ लाच तिरंगा लागलेला. आमचा गाव मात्र अजून निजामाचा. कनवटीचे हाली, म्हणजे निजामाचे रुपये तिकडे चालेनात. बट्टा देऊन कलदार, म्हणजे तिकडचे रुपये घ्यावे लागले, मग आजीचे वाळे मोडले. माझ्या लेखी मुक्तिसंग्रामाच्या खर्चात तेही धरायला पाहिजेत.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आत शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हातात आलं, १७ ला निजाम शरण. इथवर सगळे भाषणात सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही.

आमची माणसं दसऱ्याच्या सुमारास गावी परतली, तर मुसलमान पिंजाऱ्याचं घर सताड उघडं. आजीच्या लग्नातली गादी त्यानंच भरून दिलेली. "कुठं गेली ओ ही माणसं?" तिनं सासऱ्यांना विचारलं. "तू भाकरी थाप," एवढंच उत्तर मिळालं. नंतर तिनंही कधी विचारलं नाही.

रझाकारांनी केलेले अत्याचार खरेच आहेत, त्यापायीच तर आमचे लोक पळाले. पण फौजेच्या या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे गुदरलं तेही खरं. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. तो अहवाल कितीतरी वर्षं दडवून ठेवला गेला.

यंदा भावकी स्मरणिका काढतेय आणि पणजोबांवरचं पान माझ्याकडे आलंय. पेव, वाळे आणि पिंजारी, तिन्ही लिहिलंय. धाकटे काका म्हणाले, "पिंजाऱ्याचं तेवढं काढून टाक, उगं लोकांत चर्चा नको." मी म्हटलं, "काका, मग तुम्हीच लिहा, खाली माझं नाव टाकू नका." तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. पान छापायला गेलंय, तिन्ही गोष्टींसकट.