‘फिट’ म्हणून सही झाल्यानंतर

बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात गेली 27 वर्षे मी रसायनशास्त्र शिकवतो. गंभीर आजारातून उठून वर्गात परतलेले विद्यार्थी या काळात बरेच पाहिले, आणि त्यांतले कितीतरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा दिसेनासे झाले, हेही पाहिले. त्याचे कारण मी आजारातच शोधत असे. ते पुष्कळदा आमच्या हजेरीपटात, जिन्यात आणि ऑफिसच्या खिडकीत होते, हे मला उशिरा, आणि एका मुलाचे वर्ष वाया घालवून कळले.

हा मुलगा खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. 2023 च्या पावसाळ्यात, तिसऱ्या सेमिस्टरला असताना, त्याच्या पायांतली ताकद दोन दिवसांत गेली आणि मग हातही लुळे पडू लागले. निदान झाले गियां-बारे सिंड्रोमचे. जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते, असा हा आजार आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. त्याआधी आमच्या स्टाफरूममध्ये ते कोणी ऐकलेही नव्हते. अतिदक्षता विभाग, मग वॉर्ड, मग घरी फिजिओथेरपी असे अकरा आठवडे गेले आणि डॉक्टरांनी ‘फिट टू रिझ्यूम’ असे लिहून दिले.

तो कागद घेऊन तो आला, तेव्हा ऑफिसने त्याला ‘हाजराती’चा, म्हणजे हजेरीचा, तक्ता दाखवला. 75 टक्के उपस्थिती हवी आणि त्याची निम्मीही भरत नव्हती. शॉर्टेजच्या यादीवर विभागाकडून सही माझी होती. नियम मी वाकवला नाही, याचे तेव्हा मला थोडेसे समाधानही वाटले होते, हे येथे नोंदवून ठेवतो. आमच्याकडे विषम सेमिस्टर वर्षातून एकदाच चालते. त्यामुळे अकरा आठवड्यांच्या गैरहजेरीची किंमत अकरा आठवडे नसते, ती पुरे एक वर्ष असते. त्या वर्षात बसचा पास संपतो, शिष्यवृत्ती अडते, सोबतचे मित्र पुढच्या वर्गात जातात आणि घरात कोणीतरी म्हणतेच की आता कामाला लाव त्याला. फाउंड्रीत हलक्या कामाची जागा त्याच्यासाठी बघून ठेवली होती, हे मला त्याच्या वडिलांनीच नंतर सांगितले.

सुदैवाने तो 2024 मध्ये परत आला, त्याच सेमिस्टरला, आपल्याहून धाकट्या मुलांबरोबर. या वेळी मी पहिल्याच आठवड्यात त्याला समोर बसवून विचारले की तुला नेमके काय जमत नाही. ‘चालायला येतंय सर, पण दुपारनंतर हात धरून राहीना झालाय.’ या आजारातून उठलेल्या माणसाचा थकवा महिनोन् महिने राहू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. ब्युरेटची (द्रव मोजून सोडण्याच्या काचेच्या नळीची) तोटी फिरवताना त्याची बोटे थरथरत, आणि आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर.

मग आम्ही जे केले ते फार थोर नव्हते. त्याचे प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला घेतले. तळमजल्यावरच्या जुन्या खोलीत एक टेबल मांडले. रीडिंग तो घेई, तोटी जोडीदार फिरवी. आय.ए.ची (अंतर्गत मूल्यमापनाची) हुकलेली चाचणी पुन्हा घेतली. या सगळ्याला एक पैसाही लागला नाही. लागली ती एकाच माणसाने चार जणांना जाऊन सांगण्याची तयारी. कारण त्याआधी हेच सगळे तो मुलगा प्रत्येक शिक्षकाला, शिपायाला आणि क्लार्कला वेगवेगळे समजावत फिरत होता, आणि आजाराचे तेच वर्णन दहाव्यांदा करताना माणूस याचक होऊन जातो.

परीक्षेच्या बाबतीत मात्र आम्ही पुन्हा चुकलो. तीन तासांच्या पेपरात दोन प्रश्न येत असूनही त्याला लिहिता आले नाहीत आणि एक विषय राहिला. लेखनिकासाठी अर्ज करता येतो, हे आमच्यापैकी कोणाला सुचलेच नाही. आमच्या समजुतीत लेखनिक म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केले होते की लेखनिकाची सोय 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, परंतु लिहिताना अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत लेखनिक होता आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळही होता, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. एक अडचण उरतेच: 2016 चा अपंग व्यक्तींचा कायदा दीर्घकालीन दौर्बल्याविषयी बोलतो, आणि हळूहळू बरा होत असलेला विद्यार्थी धड आजारीही नसतो, धड अपंगही नसतो. हा दोन्हींमधला काळ कोणत्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नाही. चौथ्या सेमिस्टरला आम्ही सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून वेळेत अर्ज केला आणि सोय मिळाली. राहिलेला विषयही पुढे सुटला.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. निपाणी भागातील एका विद्यार्थिनीला क्षयरोग झाला. औषधांना दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो; परंतु फुफ्फुसांच्या क्षयातही योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बहुतांशी ओसरतो. हॉस्टेलने मात्र तिला सहा महिने येऊ नको म्हणून सांगितले. डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण ती सीमेपलीकडच्या, मिरजेच्या रुग्णालयाची. त्यावर इथल्या सरकारी डॉक्टरांची सही हवी असे निघाले. आपल्या भागातले निम्मे लोक उपचाराला मिरज-कोल्हापूरला जातात. महाराष्ट्राची आरोग्य योजनाही 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांना लागू करण्यात आली. रुग्ण सीमा ओलांडतो, त्याचा कागद अडतो. ती मुलगी शेवटी बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झाली, आमच्या महाविद्यालयातून नव्हे.

विद्यार्थी साहाय्य हा शब्द आम्हाला अपरिचित नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा त्याच विषयाचा आहे, आणि पथक येण्याच्या आदल्या महिन्यात मेंटॉर-मेंटी (मार्गदर्शक शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी यांच्या नोंदींच्या) वह्या एका बैठकीत, एकाच शाईने भरल्या जातात (मीही भरल्या आहेत). जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असा निर्देश दिला, तो योग्यच आहे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडम येतात आणि त्या मनापासून काम करतात. मात्र त्यांची भाषा कन्नड आणि इंग्रजी. खानापूरकडचा मुलगा त्यांना बसची वेळ कन्नडमध्ये सांगू शकतो; रात्री पाय पुन्हा जातील या भीतीने झोप लागत नाही, हे त्याला मराठीतच सांगता येते. मीच त्याला 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक दिला, कारण तेथे भाषा निवडता येते.

माझे म्हणणे एवढेच आहे की समुपदेशक, परिपत्रक (कन्नडमधले ‘सुत्तोले’) या सगळ्यांच्या आधी प्रत्येक महाविद्यालयात एक ठरलेली व्यक्ती हवी. विद्यार्थी रुग्णालयात असतानाच तिने घरी फोन करावा, हजेरीचा, परीक्षेचा आणि शिष्यवृत्तीचा विचार तेव्हापासून करावा, आणि तिच्या सहीला ऑफिसात वजन असावे. विद्यार्थ्याने कागद आणल्यानंतर हालचाल सुरू होणार असेल, तर ती नेहमी उशिराच असते. ही जबाबदारी सज्जन शिक्षकाच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे. 2023 मध्येही मी स्वतःला सज्जनच समजत होतो.

तो मुलगा आता पाचव्या सेमिस्टरला आहे. तळमजल्यावरचे टेबल अजून तेथेच आहे. या वर्षी परतलेल्या आणखी दोघांच्या नोंदी मी एका साध्या दोनशे पानी वहीत ठेवल्या आहेत. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतो. वही कोणाकडे द्यायची, असे प्राचार्यांना दोनदा विचारले. ते म्हणाले, ‘बघू या.’