त्रियानाच्या मंडईतली वांगी

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात ग्वादालकिव्हिर नदी ओलांडली की पुलाला लागूनच त्रियानाची मंडई लागते. गेली सहा वर्षे मी दर शनिवारी तिथे भाजी घेते. या मंडईच्या पोटात एका किल्ल्याचे अवशेष जपून ठेवले आहेत आणि कोणालाही ते खाली उतरून पाहता येतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून दीर्घकाळ याच सान होर्खे किल्ल्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मचौकशी करणाऱ्या न्यायसभेचे, ठाणे होते. आपल्याकडे हे नाव गोव्याच्या इतिहासामुळे परिचित आहे. तुरुंगाच्या डोक्यावर वांग्यांचे ढीग रचलेले पाहण्याची आता सवय झाली असली, तरी घरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, बातम्या वाचून मंडईत गेले की त्या ढिगांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते.

येथे आल्यावर मला सर्वांत आधी जो पदार्थ आवडला, तो पालक आणि काबुली चण्यांचा होता. ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ हे त्याचे नाव. ऑलिव्ह तेलात पाव आणि लसूण लालसर तळून खलबत्त्यात कुटतात, त्यात जिरे, पिमेंतोन नावाची तांबड्या मिरचीची पूड आणि थोडा व्हिनेगर घालतात आणि या वाटणात पालक व शिजवलेले चणे मंद आचेवर एकजीव करतात. पहिल्या घासालाच आईच्या अळूच्या फदफद्याची आठवण झाली होती, कारण पालेभाजीला डाळीने किंवा चण्याने अंग आणायचे आणि आंबटाने तिला जागे करायचे, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तेव्हा हा पदार्थ घरोघरी होतो. एरवी तो कोणत्याही बारमध्ये छोट्या बशीत मिळतो.

दुसरा पदार्थ वांग्याच्या कापांचा. काप दुधात भिजवून, पिठात घोळवून ऑलिव्ह तेलात कुरकुरीत तळतात आणि वरून ‘मिएल दे कान्या’ची धार सोडतात. शब्दशः अर्थ उसाचा मध, पण पहिल्यांदा चाखल्यावर मी मनात म्हटले, ही तर आपली काकवी! मालागा प्रांतातील फ्रिहिल्याना या गावी उसाचा रस आटवून ती आजही तयार करतात. ऊस आणि वांगी दोन्ही अरबांनी येथे आणली. वांग्याचे ‘बेरेनखेना’ हे स्पॅनिश नावही अरबीतून आले, अरबीत ते फारसीतून आले आणि त्याचे मूळ भारतात असल्याचे भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे हे वांगे नावासकट आपल्याकडूनच निघालेले आहे.

सेव्हिलजवळच्या लोस पालासिओस गावचा पाद्री आंद्रेस बेर्नाल्देस याने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचल्यापासून हे पदार्थ मला नुसते चवीपुरते राहिलेले नाहीत. त्याची तक्रार अशी, की या लोकांनी धर्म बदलला, पण तेलात परतलेला कांदा-लसूण खाण्याची आणि डुकराच्या चरबीऐवजी तेलात मांस शिजवण्याची जुनी सवय सोडली नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडाला आणि घरांना दुर्गंधी येते. न्यायसभेच्या जाहीरनाम्यांत कोणत्या खाणाखुणांवरून शेजाऱ्याची तक्रार करावी, हे सांगितलेले असे आणि डुक्कर न खाणे ही त्यांपैकी एक खूण होती. शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, शुक्रवारीच मंद आचेवर ठेवलेले चण्यांचे कालवण, ‘आदाफिना’, हाही पुरावा ठरे. माद्रिदच्या ‘कोसिदो’ या चणे आणि मांसाच्या प्रसिद्ध रश्श्याचे मूळ याच कालवणात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. फरक इतकाच, की कोसिदोत आता डुकराचे मांस ठळकपणे असते. ज्या तेलाच्या वासावरून माणसे पकडली जात, त्या ऑलिव्ह तेलाच्या उत्पादनात स्पेन आज जगात पहिला आहे.

मी वाईची. आमच्या घरी कांदेनवमीला भजी होत आणि मग चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगी बंद. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगी पुन्हा सुरू होत. हा नियम आईचा होता, स्वतःसाठी होता आणि शेजारच्या घरातून सुक्या बोंबलाचा वास आला म्हणून तिने कधी खिडकी लावून घेतल्याचे मला आठवत नाही. आता मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकाने बंद ठेवायला सांगितली, याची बातमी येते. त्याच वर्षी जानेवारीत शाळेच्या पोषण आहारातील अंड्यासाठीचा निधी राज्य सरकारने थांबवला. अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे मिळण्याची सोय त्या योजनेत होती, म्हणजे कोणावर सक्ती नव्हतीच.

माझे पुण्यातले काही नातेवाईक म्हणतात, की परदेशात बसून हे बोलणे सोपे आहे आणि शाकाहारी माणसालाही आपल्या सोसायटीत आपल्या पद्धतीने राहण्याचा हक्क आहे. पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसराही अर्धा मान्य आहे, कारण शाकाहारी माणसाची फरफट मी येथे रोज भोगते. एका बारमध्ये मांसाशिवाय काही मागितले, तर मसुराच्या आमटीतून हॅमचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे निघाले आणि वाढपी मनापासून म्हणाला, ‘अहो, हे मांस नाही, हॅम आहे.’ सालमोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेल यांचे कोर्दोबाचे थंडगार सार मला अतिशय प्रिय आहे, पण तेही ‘वर हॅम नको’ असे बजावूनच मागवावे लागते. तरीही स्वतःच्या ताटातला हॅम बाजूला काढणे आणि शेजाऱ्याच्या ताटाची झडती घेणे यांतले अंतर मला विसरता येत नाही. शाकाहारी आहात का, असे विचारून मुंबईत भाड्याचे घर नाकारले जाते, तेव्हा तो प्रश्न चवीविषयी नसतो. अन्नाच्या आडून आडनाव विचारलेले असते, हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्यालाही ठाऊक असते.

स्पॅनिश माणसे खाण्यावरून भांडत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. बटाटा आणि अंड्याच्या तोर्तियात कांदा असावा की नसावा, यावरून येथे भर जेवणात आवाज चढतात आणि दोन्ही पक्षांना स्वतंत्र नावे आहेत. मी कांदेवाल्यांकडून बोलते. परवा माझा बिनकांदेवाला शेजारी तावातावाने वाद घालता घालता माझ्याच बशीतला तुकडा उचलून खात होता.

गेल्या चंपाषष्ठीला आईने भरीत केले आणि मी काप तळले. फोनवर तिला काकवीची धार दाखवली, तर ती आधी ‘वांग्यावर काकवी? शी!’ म्हणाली. आठवड्याने तिचा निरोप आला, की कोल्हापूरहून आणलेली काकवी कपाटात पडून होती, ती घालून पाहिली, बरे लागले, फक्त पुढच्या वेळी थोडे तिखटही भुरभुरणार आहे.