‘बाबा येऊन राहिले’ आणि एक भोंगा : काकांना उत्तर

काका, नमस्कार.

इंदूरच्या आमच्या सामुदायिक रेडिओवरच्या ‘झांकीची रात्र’ या श्रुतिकेवरची (झांकी म्हणजे गणपती विसर्जनाच्या रात्री निघणारे गिरण्यांचे चित्ररथ) तुमची प्रतिक्रिया रविवारी गटात मोठ्याने वाचली गेली. वाचणारी मीच, त्यामुळे थोडा अभिनयही झाला, रागावू नका. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात असं : भाषा भ्रष्ट आहे, ‘आई, तू जेवून घे, बाबा येऊन राहिले’ असली वाक्यं आकाशवाणीने खपवून घेतली नसती. मधल्या प्रसंगात बाबा कोण आणि मामा कोण ते कळत नाही. गिरणीचा भोंगा मोटारीच्या हॉर्नसारखा वाजतो. आणि एवढी चांगली नाटकं छापून पडलेली असताना हौशी मंडळींनी स्वतः लिहायचा अट्टाहास कशाला?

भोंग्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त घाम तिथेच गाळला आणि तोंडावर पडलो तेही तिथेच. इथली हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. आमच्या गटातली निम्मी पोरं त्यानंतरची. त्यांनी भोंगा ऐकलाय तो फक्त आजोबांच्या गोष्टीत. इंटरनेटवरून आठ-दहा भोंगे उतरवले, ते सगळे विलायती. मग गल्लीतल्या एका आजोबांना बोलावलं. गिरणीतल्या साच्याच्या, म्हणजे मागाच्या खात्यात उभी हयात गेलेली. त्यांनी डोळे मिटून तीन भोंगे ऐकले आणि म्हणाले, “हा ॲम्बुलन्सवाला आहे, हा पोलीसवाला आहे, आणि हा तर मला माहीतच नाही कोणाचा आहे. आपला आधी गुरगुरायचा. मग चढायचा. बंद होताना एकदम नाही व्हायचा, खाली बसायचा, म्हशीसारखा.” आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्यांनी तो काढून दाखवला. जिन्यातली दोन कुत्री उठून गेली.

तोच आवाज आम्ही जिन्यात, घुमतो म्हणून, रेकॉर्ड केला आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरवर निम्म्या वेगाने चालवला. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली उतरतो. हेडफोनवर ऐकताना छातीत धडधडत होतं. आजोबा नुसते बसून राहिले, चहासुद्धा निवला. आम्ही खूश. पण तुम्ही लिहिलंय की तुम्ही नातवाच्या फोनवर ऐकलंत. फोनचा तो इवलासा स्पीकर खोल आवाज फेकूच शकत नाही. खालचा सगळा गुरगुराट गळून जातो आणि वरची पातळ पिपाणी तेवढी उरते. म्हणजे हॉर्नच. ही शुद्ध आमची चूक : शेवटचं मिश्रण आम्ही एकदाही साध्या फोनवर ऐकून पाहिलं नाही. आता त्याच आवाजाचा मूळ वेगातला एक थर हलकेच वर चढवलाय, म्हणजे लहान स्पीकरवरही काहीतरी पोटातलं पोचेल. नवी प्रत ऐकून सांगा.

बाबा-मामांचा गोंधळही मान्य. मराठीत खरं तर रेडिओनाटक लिहिणाऱ्याची चैन आहे. ‘अहो’ म्हटलं की नवरा, ‘वन्सं’ म्हटलं की नणंद, आणि पडद्याआडून नुसतं ‘मी आले’ ऐकू आलं तरी बाई आली हे कळतं, ओळख करून द्यावी लागत नाही. अडचण होते ती एकाच वयाचे दोन पुरुष समोरासमोर बसले की. संहितेत मामाच्या तोंडी दर दुसऱ्या वाक्याला ‘भाऊजी’ होतं. मामा करणारे आमचे मित्र म्हणाले, खऱ्या आयुष्यात कोण एवढं भाऊजी-भाऊजी करतं? शिवाय ‘भाऊजी’तला भ माइकवर फट्दिशी फुटायचा. (त्यावर उपाय आहे : भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून माइकपुढे धरायचा. पण तो आम्हाला नंतर सुचला.) मी भाऊजी कापले. कापायला नको होते. वर दोघांनाही एकाच माइकपासून वीतभर अंतरावर उभं केलं. मामाला चार पावलं मागे, दाराजवळ उभं केलं असतं तर ऐकणाऱ्याला आपोआप दिसलं असतं की घरमालक कोण आणि दारात घुटमळणारा कोण. माइकपासूनचं अंतर हाच आमचा रंगमंच, आणि तोच आम्ही वापरला नाही.

आता भाषा. इथे मात्र मी भांडणार.

तुम्ही म्हणता ते वाक्य पहिल्या खर्ड्यात ‘बाबा येतीलच इतक्यात’ असंच होतं. मुलीचं काम करणारी कॉलेजातली पोरगी ते वाचायला लागली की सात वाजताच्या बातम्या सुरू झाल्यासारखं वाटायचं. उच्चार स्वच्छ, शब्द न् शब्द जागेवर, आणि घरात कुणीच नाही. चौथ्या वेळी मी वैतागून म्हटलं, बाई, तू घरी कशी बोलशील तसं बोल. तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “आई, तू जेवून घे ना, बाबा येऊन राहिले.” तेवढ्यात आईचं काम करणाऱ्या काकू, संहितेत नसताना, “हौ, येऊ दे त्यांना” म्हणून गेल्या. तेच ठेवलं.

नाटकाच्या थिएटरात पडदा वर गेला की भिंत, खाट, कोनाड्यातला देव, सगळं दिसतं. आमच्याकडे यातलं काही नाही. १९२४ मध्ये बीबीसीने खास रेडिओसाठी लिहून घेतलेलं पहिलं नाटक दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत घडतं ते काही उगीच नाही, ऐकणारा तसाही अंधारातच असतो. त्या अंधारात हे घर सदाशिव पेठेत नाही, इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत आहे, हे मी कशाने दाखवू? निवेदकाकडून वदवून घेता येतं, पण ते पाटी लावल्यासारखं. ‘येऊन राहिले’ या दोन शब्दांत ते घर उभं राहतं. हे आमचं नेपथ्य आहे काका. ते तुम्ही अशुद्ध म्हणून उतरवायला सांगताय.

त्या नाटकातला बाबा बायकोशी मराठी बोलतो, मुकादमाशी हिंदी, आणि झांकीच्या गर्दीत भेटलेल्या गावाकडच्या दोस्ताशी माळवी. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. एवढा काळ शेजाऱ्याशी एक भाषा आणि चुलीपाशी दुसरी बोलल्यावर चुलीपाशीही थोडं शेजारचं येणारच. तुमच्या प्रतिक्रियेतच तुम्ही लिहिलंय, ‘तुमच्या मेहनतीला मी टोकत नाही’. ‘टोकत’! हिंदीतलं ‘टोकना’, म्हणजे हटकणं. पुण्याच्या माणसाने याचा अर्थ विचारला असता. मला बरं वाटलं वाचून.

आणि आकाशवाणीचंच म्हणाल, तर मालवा हाउसचं, म्हणजे आकाशवाणीचं इंदूरचं केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं आणि तिथली ज्यांच्यावर गावोगावच्या लोकांनी जीव टाकला ती माणसं कोण? नंदाजी आणि भेराजी. ते काय पुस्तकी हिंदी बोलायचे? अस्सल माळवी बोलायचे, म्हणून तर शेतकरी कामं आटोपून ऐकायला बसायचे. माळवीला जी खुर्ची मिळाली ती आमच्या इंदुरी मराठीला का नको?

एक ठिकाण मात्र तुम्ही सोडून दिलंत, मी स्वतःच सांगते. शेवटी श्रेयनामावलीत निवेदक म्हणतो, ‘सर्वांचा धन्यवाद करतो’. हे पात्राचं बोलणं नव्हे, आमचं आहे, आणि ते चूक आहे. ‘सर्वांचे आभार मानतो’ असं दुरुस्त केलं.

राहिला प्रश्न छापील नाटकांचा. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. २२ मिनिटांच्या श्रुतिकेसाठी वारस शोधत फिरायला आमच्याकडे माणूस नाही. दुसरं, रंगभूमीवरच्या नाटकात ‘हे बघ’ म्हणून जे दाखवतात ते आम्ही कुठून दाखवू? आणि तिसरं, २००६ च्या सामुदायिक रेडिओच्या धोरणातच आहे की निदान ५० टक्के कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागातून व्हावेत, शक्यतो इथल्या भाषेत आणि बोलीत. आमचा ट्रान्समीटर १०० वॉटचा, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे खरखर. एवढ्याच माणसांशी बोलायचंय तर त्यांचंच काहीतरी बोलू. बातम्या आम्हाला स्वतःच्या करता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या लावता येतात. गिरणी बंद पडलेल्या घरात काय होतं हे सांगायला आमच्या हातात मुलाखत आहे, नाहीतर श्रुतिका. मुलाखतीत माणसं देणीपाण्याचे आकडे सांगतात. त्या रात्री कोण जेवलं नाही, ते नाही सांगत.

एक विचारायचंच राहिलं. तुम्ही लिहिलंय की लहानपणी तुमच्या घरी भोंगा ऐकून दूध तापवायला ठेवायचे, आणि पाळीआधी तो दोनदा व्हायचा. आमच्या आजोबांना एकदाच आठवतोय. दोनदा होत असेल तर पहिला प्रसंग पुन्हा लिहावा लागेल, कारण आमचा बाबा पहिल्याच भोंग्याला चप्पल घालतो. रविवारी अकराला रेकॉर्डिंग आहे. त्याआधी नको, तोवर कचरागाडीचं गाणं संपलेलं नसतं आणि ते आमच्या प्रत्येक नाटकात येऊन बसतं. आजोबाही येणार आहेत. तुम्ही दोघं समोरासमोर बसून एकदा ठरवा : एकदा की दोनदा, आणि दोन्हींच्या मध्ये किती वेळ?