बेडूक बघायला इतकी गाडी कशाला फिरवायची?

जून तोंडावर आला की माझी टाइमलाइन हिरवी होते. अंबोलीच्या टूरच्या जाहिराती सुरू होतात. वर मलबार ग्लायडिंग फ्रॉगचा फोटो, बोटांमधला लालभडक पडदा पसरलेला, आणि खाली 'टार्गेट स्पीशीज' म्हणून नावांची ही भली मोठी यादी. काही ठिकाणी तर नावापुढे खूण करायला चौकोनही छापलेले असतात. मग इनबॉक्समध्ये विचारणा: 'तू जातेस ना पावसाळ्यात, कुठल्या ग्रुपबरोबर जाऊ?'

सगळ्यांना एकदाच इथे सांगते. जा, जरूर जा. फक्त ज्या टूरची यादी जितकी लांब, तिच्यापासून तितके लांब राहा.

आता हे सविस्तर.

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना घाट चढून वर आलं की साधारण ७०० मीटर उंचीवर अंबोली. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एकीकडे निमसदाहरित जंगल आणि त्याला लागूनच जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे दगडी पठारं. पावसात सड्यावर जागोजागी उथळ डबकी साचतात, जांभ्याच्या फटीफटीतून पाणी झिरपत असतं. बेडकाला याहून जास्त काय लागतं? २००९ मध्ये 'अंबोली बुश फ्रॉग' ही नवी जात म्हणून जगापुढे आला आणि त्याच वर्षी 'अंबोली टोड', म्हणजे झँथोफ्राइन टायगेरिना. २०१४ मध्ये इथूनच इंडिराना चिरावासी हा बेडूक. त्याआधी २००३ मध्ये बिनपायांचं, लांबून गांडूळच वाटावं असं एक देवगांडूळ, तेही बेडकासारखंच उभयचर. म्हणजे बघा, गोव्याला जाता-येता ज्या गावात थांबून आपण गरम भजी खाल्ली, तिथे हाकेच्या अंतरावर विज्ञानाला नावही माहीत नसलेले प्राणी सुखाने नांदत होते.

यातला टोड मला सगळ्यात लाडका. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर पिवळे पट्टे, आणि आव मात्र असा की सडा याच्या बापाचा. अंबोली आणि आजूबाजूचा थोडासा पट्टा सोडला तर हा जगात कुठेच नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या विणीचा खरा जोर पहिल्या पावसात. सड्यावर पाणी साचलं की नर ओरडायला लागतात, काही रात्री नुसता गोंधळ, आणि मग सगळं आवरतं. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायचं असतं, त्यामुळे सगळंच घाईचं.

आता त्या यादीकडे वळू. टोड सड्यावर, ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर ओणवलेल्या फांद्यांवर, बुश फ्रॉग झुडपात, नाइट फ्रॉग ओढ्याच्या दगडांत. प्रत्येकाचं ठिकाण वेगळं, आणि दिवसा बहुतेक दडून बसलेले. दोन रात्रींत सगळ्यांवर खूण करायची म्हणजे जेवण उरकून भर पावसात, धुक्यात गाडीने या ठिकाणाहून त्या ठिकाणी पळापळ. 'चला चला, बसा पटापट, पुढच्या स्पॉटला जायचंय.' आणि नेमक्या याच वेळी, याच पावसात, बेडूकही बाहेर पडलेले असतात. त्यांना रस्ता ओलांडायचा असतो. काही जण तर रस्त्याच्या कडेच्या डबक्यातच संसार थाटतात.

ओल्या डांबरावर तपकिरी रंगाचा इवलासा टोड. वायपर फुल स्पीडवर, हेडलाइटसमोर धुक्याची भिंत. कितीही सज्जन ड्रायव्हर असू दे, त्याला तो दिसणारच नाही. मागच्या सीटवर मात्र फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर कुठला चांगला यावर परिसंवाद चालू असतो.

कोणाला ही अतिशयोक्ती वाटली तर पहाटे उठून, चहाच्याही आधी, त्याच रस्त्यावरून चालत जा. मान खाली घालून. कावळे येण्याआधी गेलात तर डांबराला चिकटलेली कातडी दिसते, एखादा पाय तेवढा शाबूत, बाकी आकार ओळखू येत नाही. कुशीचे पिवळे पट्टे मात्र ओळखू येतात. शनिवार-रविवारी धबधब्यावर येणाऱ्या गाड्यांचा यात वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण ते बिचारे बेडूक बघायला आलेलेच नसतात. आपण बेडकांवरच्या प्रेमापोटी आलेलो असतो, तीन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर मागोमाग घेऊन.

गोव्यात पहिल्या पावसात लोक मोठे बेडूक पकडतात, 'जंपिंग चिकन' म्हणून खातात, त्याच्या बातम्या आपण संतापून शेअर करतो. ते योग्यच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही देशाने १९८७ मध्ये बंद केली. पण टायरखाली गेलेल्याचा पंचनामा कोणी करत नाही.

यादीची दुसरी भानगड हाताळण्याची. वेळ कमी, माणसं जास्त, प्रत्येकाला फ्रेम हवी. मग लीडर झुडपात हात घालून बेडूक उचलतो आणि सगळ्यांना सोयीचं पडेल अशा पानावर आणून बसवतो. भोवती कोंडाळं, फ्लॅशवर फ्लॅश. बेडूक त्या पानाला चपटा चिकटून, पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलेला असतो, आणि ग्रुपवर कॅप्शन पडते, 'सो काम अँड कोऑपरेटिव्ह!' अहो, तो घाबरून गोठलेला आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासाचा बराचसा भागही कातडीतूनच. तुमच्या हाताला डासांचं मलम, सनस्क्रीन, मघाशी खाल्लेल्या वेफर्सचं मीठ, जे काही असेल ते त्याच कातडीला लागतं. सगळ्यात राग येतो तो जोडी लागलेली असताना उचलतात त्याचा. वर्षातून मोजक्या रात्री मिळतात त्यांना, आणि त्यातली एक तुमच्या कव्हर फोटोला गेली.

असे फोटो ओळखायला सोपे असतात. मी तर आता तोच खेळ करते. सड्यावरचा टोड नेच्याच्या नाजूक पानावर बसलेला दिसला की समजायचं, त्याला कोणीतरी बसवलंय. बुश फ्रॉग एकटाच भूछत्रीच्या बरोब्बर मध्यभागी, मागे काळी पार्श्वभूमी? बसवलाय. नर ओरडताना टिपलेला असेल, गळ्याची पिशवी तट्ट फुगलेली असेल, पण समोर दोन काड्या आडव्या आल्या असतील, तर तो फोटो बहुधा खरा. मला त्या काड्यांसकटचे फोटो आवडतात. लाइक कमी मिळतात, त्याला इलाज नाही.

हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. केरळच्या मथिकेट्टान शोला राष्ट्रीय उद्यानातली गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तिथे 'गॅलॅक्सी फ्रॉग' नावाचा चिमुकला बेडूक आहे, मेलानोबॅट्राकस इंडिकस. काळ्याभोर अंगावर निळसर-पांढरे ठिपके, त्याच्या प्रजातिकुळातला तो एकटाच. २०२० मध्ये अभ्यासकांना तिथे एका ओंडक्याखाली सात बेडूक सापडले होते. नंतर ते परत गेले तेव्हा ओंडके उलथलेले, आजूबाजूची झाडोऱ्याची गादी तुडवलेली, आणि बेडूक गायब. मधल्या काळात फोटोग्राफरांचे गट तिथे येऊन गेले होते. त्या बेडकाचा फोटो नेटवर बघायला अप्रतिम दिसतो, यात शंका नाही. म्हणून तर सगळ्यांना तो आपल्या कार्डात हवा असतो.

तिसरी गोष्ट बुटांची, आणि ही कोणीच बोलत नाही. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी जगभर पसरली आहे. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्यामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्याचं आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्याचं म्हटलं होतं. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे. ती पाण्यातून आणि ओल्या चिखलातून जाते. म्हणजे काल दुसऱ्या कुठल्या घाटात वापरलेले गमबूट तसेच चिखलासकट डिकीत टाकून आज अंबोलीच्या ओढ्यात उतरणं, हा काही साधा आळस नव्हे. बूट घासून, धुऊन, खडखडीत वाळवून आणायला काय जातं? पण एका रात्रीत चार पाणथळी करायच्या म्हटल्यावर मधे बूट धुणार कोण आणि कधी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: यादी विकू नका, एक डबकं विका. एक ओढा, एक तळ्याचा काठ, सड्याचा एक तुकडा, जो मुक्कामापासून चालत गाठता येईल. अंधार पडला की गाडीची किल्ली लीडरकडे जमा. सगळी रात्र तिथेच.

'आणि तिथे काही दिसलंच नाही तर?' हा प्रश्न येणार, म्हणून सांगते. गावातल्या एका दादांबरोबर मी अशी बसले आहे. बुश फ्रॉग कानाशी टिकटिक करत होता आणि आम्ही सगळे टॉर्च घेऊन झुडपं धुंडाळत होतो. टॉर्च जवळ गेला की हा गप्प. दादांनी बराच वेळ बघून घेतलं, मग म्हणाले, "बत्ती बंद करा नि गप ऱ्हवा. तो परत बोलतलो." बोलला. आधी तो, मग डावीकडून दुसरा, मग ओढ्याच्या पलीकडून कितीतरी. आमच्या गुडघ्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर, कारवीच्या पानाच्या मागच्या बाजूला बसला होता पठ्ठ्या. आम्ही वर शोधत होतो. याची पिल्लं अंड्यातून थेट बेडूक होऊनच निघतात, पाण्यात पोहणारा शेपटीवाला टप्पाच नाही. त्यामुळे याला डबकं लागत नाही, ओलं झुडूप पुरतं.

ग्लायडिंग फ्रॉगचं तर काय वर्णावं. मादी पाण्यावर झुकलेली पानं निवडते, पाठीवर नर, कधीकधी आणखी एक-दोन उमेदवार लटकलेले. ती मागच्या पायांनी स्राव घुसळत राहते, अगदी ताक घुसळावं तसं, आणि हळूहळू पांढरा फेस वर येतो. त्यातच अंडी. काम झालं की पानं त्या फेसाला चिकटून पुडी बनते. काही दिवसांनी आतली पिल्लं वितळलेल्या फेसातून थेंबाथेंबाने खालच्या पाण्यात गळतात. हे बघायला तास-दोन तास एका जागी उभं राहावं लागतं. 'नेक्स्ट स्पॉट'वाल्यांना फक्त फेसाचा गोळा दिसतो आणि ते 'नेस्ट, डन' म्हणून गाडीत बसतात.

आणि दिवसा? दिवसा पाणी पाझरणाऱ्या कातळाजवळ जाऊन नाक लावा. इंडिरानाची पिल्लं पाण्यात नसतात, ओल्या दगडाच्या उभ्या भिंतीवर चिकटून शेवाळ खरवडत असतात. हात लावायला गेलात की शेपटीच्या झटक्याने टुणकन उडतात. याचा फोटो कोणाच्याही यादीत नसतो. मोबाइलवर सुद्धा छान येतो, मॅक्रो लेन्सची गरज नाही.

छोट्या जागेचं मोल सरकारला कळलंय, आपल्याला कळायला हरकत नाही. अंबोलीतच हिरण्यकेशीच्या देवळाजवळ २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा नोंदवला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. एका माशासाठी एवढंसं पाणी राखून ठेवता येतं, तर एका रात्रीसाठी एक डबकं आपल्याला पुरायला काय हरकत आहे?

आता दुसरी बाजू. स्थानिक गाइड, होमस्टेवाले, जेवण बनवणाऱ्या काकू, यांचा पावसाळा या टूरवर चालतो, आणि चालायलाच हवा. बेडकांमुळे गावात पैसा येतो म्हटल्यावर गावालाही बेडूक हवेसे वाटतात. एरवी त्यांच्याकडे कोण बघत होतं? फोटोंमुळेच तर माझ्यासारख्या कितीजणांना या वाटेचा पत्ता लागला. त्यामुळे टूर बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. उलट मुक्काम वाढवा, गावातलाच माणूस घ्या, त्याला पूर्ण रात्रीचे पैसे द्या. गाइड लोक खासगीत काय सांगतात ते ऐका एकदा. त्यांना बेडूक उचलायची हौस नसते. पुण्या-मुंबईचा पाहुणा 'एवढे पैसे भरले, टोड कुठेय?' म्हणून मागे लागतो, मग करणार काय. आठ हजार भरले की निसर्गाने पावती फाडल्यासारखा बेडूक हजर करावा ही अपेक्षा आपली आहे, त्यांची नाही.

तर बुकिंगच्या आधी फोन करा आणि विचारा. ग्रुप केवढा? सहा-आठच्या वर असेल तर सोडा. रात्री गाडी फिरणार का? बेडूक उचलून देणार का? (यावर 'हो हो, क्लोजअपची काळजीच नको' असं उत्साहाने उत्तर आलं तर फोन ठेवा.) बूट धुवायची सोय आहे का? जागांची लोकेशन ग्रुपवर टाकतात का? आणि टोड दाखवायची गॅरंटी कोणी ऑगस्टात देत असेल तर त्याला विणीचा हंगाम विचारा, मजा येते.

हो, आणि जळवांबद्दल विचारणाऱ्यांना: लागतात. लीच सॉक्स घाला आणि गप्प बसा. पायाला मीठ-तंबाखू चोळून येऊ नका, त्याच पायांनी तुम्ही डबक्याच्या काठाला उभे राहणार आहात आणि पाऊस ते सगळं धुऊन पाण्यात उतरवणार आहे.